दोनदा पुरे

दुबलगुंडीत विहाराच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे. ज्या काळाबद्दल मी लिहितो आहे, तेव्हा या खोलीवर दोन दावे होते. आम्हा काही जणांना तिथं स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी कॉम्प्युटरची अभ्यासिका चालवायची होती. विहाराच्या समितीतल्या दुसऱ्या गटाला तिथं लग्नकार्याची सामाईक भांडी ठेवायची होती. दोन्ही मागण्यांत तथ्य होतं. भांडी उघड्या पडवीत पडून होती आणि त्यातली चांगली पातेली एकेक करून नाहीशी होत होती.

मी नुकताच गावी परतलो होतो. कलबुर्गीत एका मराठी दैनिकाच्या सीमाभाग आवृत्तीत मी उपसंपादक होतो. आवृत्ती बंद झाली, मी परत आलो आणि समितीनं निकाल होईपर्यंत अभ्यासिकेची किल्ली माझ्याकडे दिली. माझी निवड होण्यामागं विशेष कारण नव्हतं. मला वेळ होता.

कॉम्प्युटर हैदराबादच्या एका कंपनीकडून देणगी म्हणून आले. म्हणजे एक वापरलेला मोठा सर्व्हर, त्याला जोडायचे आठ स्क्रीन, छपरावर सोलरच्या पाट्या आणि एक बॅटरी. यंत्र खरं तर एकच होतं. ते आतल्या आत आठ कॉम्प्युटर असल्याचं सोंग करायचं, आणि स्क्रीनसमोर बसलेल्याला वाटायचं की हा कॉम्प्युटर आपला एकट्याचा. संध्याकाळी आमच्याकडे करंट जातो. तेव्हा सगळी भिस्त त्या एका बॅटरीवर.

बॅटरी एकच का, याचं कारण मी ऐकलेलं आहे. कंपनीतल्या माणसानं समितीच्या अध्यक्षांना फोन केला, तेव्हा मी शेजारी होतो. अध्यक्ष निवृत्त पोस्टमास्तर. त्यांना सगळं गाव अप्पा म्हणतं. पलीकडून विचारणा झाली, आणखी एक बॅटरी पाठवू का? अप्पा दखनीत म्हणाले, "रहने दो साब, इतना करे सो भौत हुआ."

पलीकडचा म्हणाला, "ठीक है," आणि त्यानं फोन ठेवला.

अप्पा हातातल्या फोनकडे बघत राहिले. "ठेवला की ओ ह्यानं!"

आमच्या भागात पहिल्या नकाराला कोणी नकार समजत नाही. समोरच्यानं पुन्हा विचारायचं असतं, मग थोडे आढेवेढे घेऊन हो म्हणायचं असतं. हैदराबादचा तो माणूस बहुधा दिल्लीकडचा असावा. त्याला हे ठाऊक नव्हतं. मी अप्पांना म्हणालो, परत फोन करू. ते म्हणाले, "एकदा न्हाई म्हणल्यालं परत कसं मागायचं? मागून घेतल्यावानी दिसतंय."

अशा रीतीनं अभ्यासिका एका बॅटरीवर सुरू झाली.

संध्याकाळी नेमानं येणारी एक मुलगी होती. मुलगी म्हणालो तरी तिशीला आलेली. आई-वडील दुसऱ्याच्या रानात कामाला, ही सकाळी त्यांच्याबरोबर, दुपारी घरचं आवरून संध्याकाळी इथं. तिला सरकारी नोकरीची परीक्षा द्यायची होती. परीक्षा कॉम्प्युटरवर होती आणि वयाच्या अटीत बसणारी तिची ही शेवटची संधी होती. अभ्यास तिचा पक्का होता. अडचण यंत्राची होती. सराव परीक्षा सलग पुरी केल्याशिवाय तिला वेळेचा अंदाज येत नव्हता, आणि सलग पुरी करता येत नव्हती, कारण करंट गेला की बॅटरी अर्ध्या पेपरात मान टाकायची. आठही स्क्रीन एकदम काळे. सोडवलेलं सगळं जायचं.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा ती हसली. पुढं एकदा ती उठून माझ्या टेबलापाशी आली. "मामा, माझं वय अन् तुमची बॅटरी, दोनी बी संगंच संपायलेत बघा."

बॅटरी बसवणाऱ्यानं सांगितलं होतं की ती अभ्यासिका बंद होईपर्यंत सहज पुरेल. तपासून घेतली. बॅटरीत दोष नव्हता.

भांड्यांचा कारभार बघणारे गृहस्थ शेतकरी, बोलायला तिखट. त्यांनी बैठकीत विषय काढला. "आमच्या पातेल्याला बॅटरी लागत न्हाई. पातेलं अंधारात बी पातेलंच ऱ्हातंय."

लोक हसले. अप्पांनी निकाल पुढं ढकलला, पण अट स्पष्ट घातली. पुढच्या पौर्णिमेला वंदनेनंतर समिती अभ्यासिकेत बसेल. करंट बंद असताना एक पूर्ण पेपर पार पडला तर कॉम्प्युटर राहतील. नाही पडला तर खोली भांड्यांना.

माझी धाकटी बहीण त्या दिवसांत गावी होती. ती बेंगळुरूच्या एका कंपनीचं काम घरून करते. तिचं काम ड्रायव्हर लिहिण्याचं. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरच्या एकेका भागाशी त्याच्या भाषेत बोलणारा छोटा प्रोग्राम. घरात मी तिच्या कामाबद्दल यापूर्वी फारसं विचारलेलं नव्हतं. एका दुपारी ती माझा डबा घेऊन अभ्यासिकेत आली आणि दारातच थांबली.

"अण्णा, आत कोण बसलंय?"

"कुणी न्हाई."

"मग ह्यो कामून पळायलाय?"

ती सर्व्हरच्या पंख्याबद्दल बोलत होती. तो सुरुवातीपासून तसाच घोंघावायचा. मला ते यंत्राचं नेहमीचं श्वास घेणं वाटत होतं. ती म्हणाली, काम नसताना यंत्रानं डुलकी घ्यायला पाहिजे, हे जागं आहे. कोणीतरी याला सारखं उठवतंय.

कोण उठवतंय ते तिनं शोधून काढलं. तिनं मला ज्या शब्दांत सांगितलं, त्याच शब्दांत लिहितो. सुरुवातीच्या काळातल्या कॉम्प्युटरमध्ये वेळ मोजणारी एक साधी चिप असायची. ठरावीक अंतरानं प्रोसेसरला टोचायचं, उठ, काही काम आहे का बघ, एवढंच तिचं काम. आता तिच्यापेक्षा चांगली घड्याळं आली आहेत. तरी जुने प्रोग्राम अडू नयेत म्हणून ही चिप, किंवा तिचं सोंग, आजही ठेवलं जातं. कॉम्प्युटर सुरू होताना थोडा वेळ तिचा उपयोग करतो, नंतर तिला थांबवतो आणि नव्या घड्याळावर जातो. आमच्या सर्व्हरमधल्या आठ खोट्या कॉम्प्युटरांत आठ खोट्या चिपा होत्या. आठही जणांनी आपापल्या चिपेला थांब म्हणून सांगितलं होतं. आणि आठही चिपा चालूच होत्या. त्यांचं टोचणं अंगावर घेत सर्व्हर सगळा वेळ जागा राहत होता आणि ती जाग बॅटरीतून जात होती.

"थांब म्हणल्यावर थांबत कामून न्हाईत?" मी विचारलं.

"तेच बघायलेय."

थांबवण्याची रीत अशी होती. चिपेला आधी एक आज्ञा द्यायची, की आता तुझी पद्धत बदल. मग मोजायचा आकडा द्यायचा, शून्य. बहिणीला शून्याचा संशय आला. या चिपेच्या हिशेबात शून्य म्हणजे काहीच नाही असं नसतं. शून्य दिलं की ती तिला मोजता येईल तेवढं सगळं मोजते. थांब म्हणायचं आणि लगेच सगळं मोज म्हणायचं, यात अर्थ नव्हता. तिनं शून्य काढून टाकलं. फक्त आज्ञा ठेवली. तिच्या स्वतःच्या लॅपटॉपवर चिप निमूट थांबली. ती खुशीत अभ्यासिकेत आली, आठही कॉम्प्युटरांत बदल केला.

पंखा तसाच पळत राहिला.

"इथं शून्याशिवाय ऐकायलाच तयार न्हाई," ती म्हणाली. "अन् शून्य दिलं की परत सुरू."

तिनं चिपेची माहितीपुस्तिका उघडून माझ्यासमोर सरकवली. "तू लोकांच्या बातम्या तपासायचास ना? हे तपास."

"मला ह्यातलं काय कळतंय?"

"न्हाई कळलं तरी वाच."

मी वाचलं. तांत्रिक मजकूर असला तरी वाक्य हे वाक्यच असतं. डेस्कवर आम्हाला शिकवलेलं होतं की प्रत्येक क्रियापदाला विचारायचं, कोणी, कुठं, कधीपासून. पुस्तिका सांगत होती की आज्ञा मिळताच चिप आपली जुनी पद्धत सोडते. आणखी पुढं सांगत होती की आकडा भरल्यावर नवी मोजणी सुरू होते. दोन्ही वाक्यं बरोबर होती. पण जुनी सोडली आणि नवी सुरू झाली, यांच्या मधल्या जागेत काय होतं? चालू असलेली जुनी मोजणी आज्ञेसरशी बंद पडते, की नवा आकडा येईपर्यंत चालू राहते? मी ते पान पुन्हा पाहिलं, त्याच्या मागचं आणि पुढचं पाहिलं. त्याबद्दल पुस्तिका गप्प होती.

हा दोष मला परका नव्हता. तालुक्याचा वार्ताहर कधीकधी लिहून पाठवायचा, सभा रद्द करून पुढची तारीख लवकरच जाहीर करण्यात येईल. मग आम्ही फोन करून विचारायचो, जुन्या तारखेला मंडप राहणार की काढणार? कारण मंडप दिसला की लोक येऊन बसतात.

मी बहिणीला म्हणालो, "थांबते असं लिहिलंय. कधीपासून ते लिहिलेलं न्हाई."

तिनं मान हलवली. "तेवढी जागा ज्यानं त्यानं आपल्या मनानं भरलीय. खरी चिप करणाऱ्यानं एक धरलं, खोटी करणाऱ्यानं दुसरं."

"मग चुकलं कोण?"

"चुकलं असतं तर बरं होतं, अण्णा. चुकल्याला धरता येतंय."

पौर्णिमा जवळ येत होती. आमच्या एका सर्व्हरपुरती काहीतरी तात्पुरती जोडतोड करणं तिला अवघड नव्हतं, पण तिचा त्याला विरोध होता. ड्रायव्हरमध्ये असा एकच क्रम पाहिजे की पुस्तिकेचा कोणताही अर्थ लावणारं यंत्र पुढं आलं तरी तो चालेल. नाहीतर उद्या कंपनीनं सर्व्हर बदलला की मुलं पुन्हा अंधारात. मला तिचं म्हणणं पटलं. त्याच वेळी हेही दिसत होतं की सराव करणाऱ्या मुलीचा पेपर रोज अर्ध्यावर तुटतो आहे.

त्या आठवड्यात अप्पांच्या नातीचं बारसं होतं. अंगणात पंगत बसली. गुळातली गव्हाची खीर, म्हणजे हुग्गी होती, आणि बादली घेऊन वाढणारी होती ती परीक्षेची मुलगी. बहीण माझ्या शेजारी बसलेली. तिचं एकदा वाढून झालेलं होतं. बादली परत आली तशी तिनं पत्रावळीवर आडवा हात धरला.

मुलगी जागची हलली नाही. "अक्का, हात काढा."

"बास, बास. झालं माझं."

"आवो, पहिलं न्हाई आमच्यात धरत न्हाईत. बेंगळुरात धरतेत का?"

"धरतेत."

"म्हणून तिथली मान्सं वाळायलीत. काढा हात."

बहिणीनं हसत हात काढला. पळी रिती झाली. बहिणीनं लगेच पुन्हा हात धरला.

"आता धरलं," मुलगी म्हणाली आणि पुढं सरकली.

पुढं चिटगुप्प्याहून आलेले एक बँक अधिकारी बसले होते. नव्यानं बदलून आलेले, बाहेरचे. पानात टाकू नये असं त्यांना घरी शिकवलेलं असावं. ते वाढलेलं संपवत होते आणि हात काही धरत नव्हते. आमच्या पंगतीत रिकामी पत्रावळ म्हणजे वाढा. बादली त्यांच्यापाशी जितक्या वेळा आली तितक्या वेळा त्यांना हुग्गी मिळाली. त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता.

बहीण त्यांच्याकडे बघत होती. तिचं जेवण थांबलं होतं.

"अण्णा," ती म्हणाली, "हात, पळी, परत हात."

"काय?"

"काही घरांत पहिला हात पुरतो. काही घरांत एक पळी घेतल्याबिगर हात मानतच न्हाईत. अन् पळी घेऊन गप बसलं, तर त्या साहेबांवानी होतंय. कुठलं घर ते आपल्याला म्हाईत नसलं, तर तिन्ही करायचं. ज्याला पहिला हात कळतो, त्याचं पुढच्यानं काही बिघडत न्हाई."

हुग्गीनं शोध लावला असं मी लिहिणार नाही. दोन्ही अर्थांना चालेल असा क्रम ती आधीपासून शोधत होती आणि तो तिला कधीतरी सापडलाच असता. पंगतीत तिला तो समोर घडताना दिसला, एवढीच नोंद खरी आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं अभ्यासिकेत होतो. तिनं ड्रायव्हरमध्ये क्रम घातला. आज्ञा, मग शून्य, मग तीच आज्ञा पुन्हा. एकेक कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. पहिले काही सुरू झाले तरी फरक जाणवला नाही. शेवटचा सुरू झाल्यावर थोड्या वेळानं पंख्याचा आवाज उतरत गेला आणि मग मला बाहेरच्या लिंबावरचे पक्षी ऐकू आले. या खोलीत ते ऐकू येतात हे मला माहीत नव्हतं.

मी म्हणालो, "झालं?"

"पौर्णिमेला सांगते," ती म्हणाली. पण उठताना तिनं रिकामा डबा हातात फिरवला, ते मी पाहिलं.

पौर्णिमेच्या संध्याकाळी वंदना झाली आणि समिती येऊन मागच्या भिंतीला सतरंजीवर बसली. मुलगी स्क्रीनसमोर. बाकीच्या सात जागांवरही मुलं बसवली होती, कमी भार दाखवून फसवलं असं कोणी म्हणू नये म्हणून. करंट होता. सगळे तो जायची वाट बघू लागले. तो रोज जायचा, नेमका त्या दिवशी जाईना.

भांड्यांचे कारभारी म्हणाले, "करंटला बी आज पेपर बघायचाय वाटतं."

अप्पा उठले. "वाट कामून बघायची?" त्यांनी मेन स्विच खाली ओढला. दिवा गेला. खोलीत स्क्रीनचा उजेड राहिला. "हं. चालू कर गं."

तिनं पेपर सुरू केला. समितीतल्या माणसांना कॉम्प्युटरवर बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती तिच्या पाठीकडे बघत बसली. कोणीतरी पिकाचं बोलू लागलं. अप्पांनी त्याला गप्प केलं. ज्या टप्प्यावर रोज स्क्रीन काळे व्हायचे, तो टप्पा तिला माझ्याइतकाच पाठ होता. तिथं आल्यावर तिचा हात माउसवर क्षणभर थांबला. काही झालं नाही. तिनं पुढचा प्रश्न घेतला.

पेपर संपला तेव्हा बॅटरीत बरीच शिल्लक होती. तिनं खुर्ची मागं वळवली. "अप्पा, झालं. आता लाईट लावा की, तुमची तोंडं दिसंनात मला."

कारभारी उठून उभे राहिले, धोतर झटकलं. "बरं. पण माझ्या पातेल्यांचं काय?"

प्रश्न रास्त होता. त्याच बैठकीत पडवीला जाळीचं दार बसवायचं ठरलं, आणि त्या दाराची किल्लीही माझ्याकडेच आली.

बहिणीनं तो बदल ड्रायव्हर सांभाळणाऱ्या दूरच्या लोकांकडे पाठवला, म्हणजे तो सगळ्यांनाच उपयोगी पडेल. सोबत खुलासा जोडायचा होता. तो तिनं माझ्याकडून तपासून घेतला. मी त्यातलं एक विशेषण काढलं आणि एक वाक्य वाढवलं, ते मधल्या जागेबद्दल पुस्तिका गप्प आहे असं सांगणारं. तिकडून कोणीतरी विचारलं, एकच आज्ञा दोनदा कशासाठी? तिनं दोन्ही अर्थ समजावून सांगितले. हुग्गीचा उल्लेख केला नाही. बदल स्वीकारला गेला.

हैदराबादच्या माणसाचाही फोन आला. अभ्यासिका कशी चालली आहे, अजून काही हवं का? अप्पा सवयीनं म्हणाले, "नै साब, रहने दो..."

मुलगी त्या वेळी खोलीतच होती. मान वर न करता ती मोठ्यानं म्हणाली, "अप्पा, तिथं पहिलंच धरतेत!"

अप्पा सावरले. "साब, ठैरो. भेजो. एक बैटरी भेजो."

ती बॅटरी आली. पहिली एका खिडकीखाली, ही आता दुसऱ्या खिडकीखाली आहे.

मुलीच्या परीक्षेचं केंद्र कलबुर्गीला होतं. आदल्या संध्याकाळी ती शेवटचा सराव पेपर सोडवायला आली. मी टेबलापाशी होतो, बहीण दाराशी तिची वाट बघत उभी होती. दोघी बरोबर घरी जाणार होत्या. पेपर मध्यावर असताना करंट गेला. वरचा दिवा गेला, बाहेरचा विहाराचा दिवा गेला, गल्लीतून कोणीतरी ओरडलं. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं.

मुलगी पुढच्या प्रश्नावर गेली होती. करंट गेलेला तिला कळला नव्हता.